इंग्रजीसाठी दोन दाबा

बिघडलेल्या वस्तूची तक्रार करायला कंपनीला फोन लावणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतील; पण पंखा उत्तम फिरतोय एवढंच सांगायला फोन लावणारा माणूस सबंध पृथ्वीतलावर एकच आहे. तो चिखली तालुक्यातल्या उंद्रीला राहतो, वांगी आणि मेथी पिकवतो, आणि देवाने तो मला साडू म्हणून दिला आहे. साडू हे नातं आपल्याकडे तसं बिनकामाचं. भांडायला भाऊ लागतो, रुसायला जावई लागतो. साडवाने लग्नकार्यात शेजारी बसायचं आणि सासुरवाडीच्या उणिवा हळू आवाजात काढायच्या, एवढंच त्याचं काम. आमचे थोरले साडू मात्र माझे इंग्रजीचे गुरू निघाले. शिष्य दगड निघाला, त्याला त्यांचा इलाज नाही.

माझं इंग्रजी म्हणजे बुलढाण्याच्या कचेरीत शेरा लिहिण्यापुरतं. बोलायची वेळ आली की मला अचानक खोकला येतो. ते बोलता यावं म्हणून मी काय केलं नाही? महिन्याभरात फाडफाड इंग्रजी शिकवणारं पुस्तक तीनदा घेतलं, तिन्ही वेळा 'बाजारात संभाषण' या धड्यापाशी अडकलो. मुलीने मोबाईलमध्ये शिकवणी घालून दिली. ती रोज सकाळी 'तुम्ही काल आला नाहीत' असं खिन्न सुरात कळवू लागली, तेव्हा मी ती बंद केली. घरात बायको आहे, आणखी एकाचं ऐकून घ्यायची ताकद नव्हती. हे सगळं साडवांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "साडभाऊ, पुस्तक कधी तुमाले उलटून विचारते काय? नाही ना? मंग बोलनं कसं येईन?"

त्यांची शाळा सापडली ती विहिरीवरच्या मोटरीमुळे. मोटर जळाली म्हणून त्यांनी खोक्यावरचा फुकटचा नंबर लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, असं ऐकू आलं आणि चिखलाने भरलेला अंगठा नेमका दोनवर पडला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "गुड आफ्टरनून सर, हाऊ मे आय हेल्प यू?" इतक्या गोड आवाजात त्यांच्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि हे ते ताईसमोर, म्हणजे स्वतःच्या बायकोसमोर, सांगतात. ते तुटक्या इंग्रजीत बोलत राहिले, ती न कंटाळता ऐकत राहिली, चुकलेला शब्द हळूच सुधारून परत देत राहिली, आणि शेवटी वर तिनेच विचारलं, आणखी काही मदत करू का? साडू बांधावर बसूनच राहिले. "मले सांगा," ते मला म्हणाले, "कोनता मास्तर छडी न मारता शिकवते, फी घेत नाही, अन् जाताना 'आनखी काही?' म्हनून विचारते?"

तेव्हापासून त्यांच्या घरातलं एकही खोकं रद्दीत गेलेलं नाही. आपल्याकडे पुस्तकांचं कपाट असतं, त्यांच्याकडे माळ्यावर खोक्यांची उतरंड आहे: पंखा, मिक्सर, इस्त्री, फवारणीचा पंप, शिवाय चहाची आणि बिस्किटांची पाकिटं चपटी करून सुतळीने बांधलेली. प्रत्येकावर नंबर आहे आणि प्रत्येक नंबराची इयत्ता ठरलेली आहे. बिस्किटवाले म्हणजे बालवाडी, ते हळू बोलतात. टूथपेस्ट चौथी. मिक्सर-पंखा सातवी-आठवी. मोटरपंप मॅट्रिक. विमा कंपनी म्हणजे थेट एम. ए.; तिथे साडू स्वतः अजून एकदाही पास झालेले नाहीत. मला त्यांनी बिस्किटात बसवलं आणि मी अजून तिथेच आहे.

शाळेचे नियम मात्र कडक. पहिला, फोन टळटळीत दुपारी लावायचा, तेव्हा लाईन मोकळी असते. "सकायी कोनाची खरंच मोटर जळाली असंन, त्याची लाईन आपन काऊन अडवाव?" दुसरा, खोटी तक्रार करायची नाही. आता चालू पंख्याच्या कंपनीशी बोलायचं तरी काय? तर चालू आहे हेच बोलायचं. "नो प्रॉब्लेम, मॅडम. फॅन इज व्हेरी गुड. नो साऊंड." पहिल्यांदा हे ऐकून पंखेवाली मुलगी गडबडलीच. तिच्यापुढच्या कागदावर बिघाडाची सगळी उत्तरं असतील. कौतुकाचं उत्तर लिहून ठेवायचं कंपनीला सुचलं नव्हतं. तिने विचारलं, "सर, आर यू शुअर?" मग तिने यांना थांबवून साहेबाला विचारलं. साहेबालाही माहीत नव्हतं. शेवटी ती आपल्याच मनाने बोलू लागली. साडू म्हणतात, खरी इंग्रजी तिथून पुढं. कागद संपला की माणूस सुरू होते.

मग ते गाव विचारतात. इंग्रजी असो की कोणतीही भाषा, माणसाला गाव विचारल्याशिवाय त्यांच्याने पुढे जाववत नाही. गाव सांगायची बहुतेकांना बंदी असावी, पण त्या पंखेवालीने इकडेतिकडे बघितल्यासारखा आवाज केला आणि हळूच सांगितलं. कुठलं ते साडू कोणालाही सांगत नाहीत. तिची नोकरी जाईल म्हणतात. फोन ठेवताना ते तिला म्हणाले, "टेल युवर मदर, डॉटर इज डूइंग गुड वर्क." मग ती म्हणाली, थँक्यू सर. "ते थँक्यू कागदावरचं नव्हतं, साडभाऊ," हे सांगताना ते दरवेळी मेथीची जुडी उगाचच सोडून पुन्हा बांधतात.

मास्तरांचं वळण शिष्याला लागतंच. साडवांचं सगळं इंग्रजी कस्टमर केअरचं झालं. ताईने भाजीत मीठ कमी असल्यावरून सूनबाईला टोकलं की हे मध्ये पडून म्हणणार, "आय अन्डरस्टँड युवर कन्सर्न." ताई म्हणते, "कन्सर्न घाला चुलीत, आधी सिलिंडर लावून द्या." त्यांच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांचे एक काका टोपी-उपरणं मिळालं नाही म्हणून पंगतीतून उठले. आम्ही सगळे हातपाय गाळून उभे. साडवांनी त्यांची तक्रार मध्ये न बोलता ऐकली, तीच तक्रार शब्दाला शब्द त्यांना परत म्हणून दाखवली, झाल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त केला, मोलाचा वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि विचारलं, आणखी काही सेवा? काका इतके गोंधळले की जेवून, वर आहेर करून गेले.

ज्या मुलीच्या लग्नात हे झालं ती सूनबाई म्हणजे पूनम. माहेर तिचं वरवट बकाल. डी.एड. झालेली, लहान मुलांत रमणारी, घरात दिवसभर चिवचिव बोलणारी. पण समोरून कोणी इंग्रजी बोललं की हिची जीभ टाळूला चिकटते. या बाबतीत ती रक्ताने नसली तरी माझी पुतणी शोभते. चिखलीच्या एका इंग्रजी शाळेत तिने मुलाखत दिली होती. 'टेल अबाऊट युवरसेल्फ' म्हटल्यावर तिने जी मान खाली घातली ती थेट बसस्टँडवर वर काढली. ताईच्या जावांनी त्यावर वर्षभर तोंडसुख घेतलं. पुढच्या वर्षी त्याच शाळेत पुन्हा जागा निघाली तेव्हा पूनम म्हणाली, "मी नाही जात बाबा. अजून एकदा तसं झालं तर मी शिकवायचं नावच घेनार नाही." ती हे रडत म्हणाली असती तर बरं होतं. ती गवार निवडता निवडता म्हणाली.

साडवांनी माळ्यावर शिडी लावली.

पहिल्या दिवशी पूनमने बिस्किटवाल्याचा आवाज ऐकताच फोन ठेवला. "ठेव, ठेव. तो रुसत नाही. बिस्किटवाला आहे तो." हळूहळू तिने 'बिस्किट इज फ्रेश' इथपर्यंत मजल मारली. टूथपेस्टला तर ती हसली. मिक्सरवाल्या बाईशी शेंगदाण्याच्या चटणीवर तिचं चांगलं बोलणं झालं. आता पंखा, मग मोटर, की मुलाखतीला तयार, असा साडवांचा हिशोब. आणि त्याच आठवड्यात घात झाला. पंख्याचा नंबर लावला तर मशीन बोललं. आधीसारखं 'दोन दाबा' म्हणून बाजूला होणारं मशीन नव्हे. दोन दाबल्यावरही मशीनच. प्लीज टेल मी युवर प्रॉब्लेम. साडू म्हणाले, नो प्रॉब्लेम. ते म्हणालं, सॉरी, मला समजलं नाही. साडवांनी हळू, मग मोठ्याने, मग फोनशी तोंड नेऊन सांगितलं. शेवटी गाव विचारलं. सॉरी, मला समजलं नाही, आणि फोन कट. मोटरकडेही तेच.

मी त्या रविवारी तिथेच होतो. साडू फोन हातात धरून ओट्यावर बसले होते.

"गावच नाही हो त्याले," ते म्हणाले. "ज्याले गाव नाही त्याच्याशी बोलाव काय?"

मुलाखत तोंडावर आलेली. मी धीर देण्यासाठी म्हणालो, माझ्याकडे एक पुस्तक आहे. ताईने माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून मी चहाचा कप घेऊन गोठ्याकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूनमचा फोन वाजला. साडू वांग्याच्या वावरातून बोलत होते. "वेलकम. फॉर इंग्लिश, प्रेस टू." पूनमने स्वयंपाकघरातून दोन दाबलं. मग लाईन लागेपर्यंत वाजतं तसं संगीत म्हणून साडवांनी एक अभंग गुणगुणला आणि मग आवाज शक्य तितका गोड करून विचारलं, "हाऊ मे आय हेल्प यू, मॅडम?" ताई सांगते की पूनम आधी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून हसली, मग बोलायला लागली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी बोलत राहिली. पुढचे सगळे दिवस रोज दुपारी हेच. शेजाऱ्यांना वाटलं, सासरा-सुनेचं बिनसलं म्हणून फोनवर बोलतात.

मुलाखतीला तिच्यासोबत आम्ही दोघं साडू गेलो. आत जायला साडवांनी नकार दिला. फाटकासमोरच्या टपरीवर उभे राहिले. हातातल्या चहावर साय धरली तरी त्यांनी घोट घेतला नाही. इतरांच्या तक्रारी शांतपणे ऐकणाऱ्या या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

बाहेर आल्यावर पूनमने सगळं सांगितलं. आत गेल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी तोच प्रश्न विचारला. टेल अबाऊट युवरसेल्फ. आणि हिचं सगळं पाठांतर उडून गेलं. "मान खाली चालली होती, बाबा. मंग मी म्हटलं, वर पाहू. तर वर पंखा." तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मॅडम, युवर फॅन इज व्हेरी गुड. नो साऊंड." बाईंनी वर पाहिलं. त्या खुर्चीत त्या कैक वर्षं बसत होत्या, पंख्याकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या हसल्या, आणि त्यांनी असा प्रश्न विचारला जो कुठल्या कागदावर नसणार: तुला हे कसं सुचलं? मग पूनमने सांगितलं. खोकी, माळा, बिस्किट, वांग्याचं वावर, सगळं. चुकत-माकत, पण इंग्रजीत. बाईंनी शेवटी तिला तिचं गावही विचारलं.

"मंग?" साडवांना एवढंच बोलता आलं.

"सोमवारपासून या म्हनाल्या."

गार चहा साडवांनी एका दमात प्यायला आणि टपरीवाल्याला म्हणाले, "थँक्यू फॉर युवर पेशन्स."

आता पूनम पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तिच्या वर्गात रिकामी खोकी आहेत, मुलं त्यात तोंड घालून एकमेकांना फोन करतात आणि गाव विचारतात. संध्याकाळी जीप भरायची वाट पाहताना ती साडवांना फोन लावते, आणि उंद्री येईपर्यंत दोघं इंग्रजीत वांग्याचे भाव बोलतात. मीही कधी कधी लावतो. दोन दाबतो, मग मला खोकला येतो. "टेक युवर टाईम, सर," ते म्हणतात, आणि खरंच थांबतात.

परवा दुपारी गेलो तर साडू ओसरीत एकटेच होते, फोन कानाला. डोक्यावर तोच पंखा, बिनआवाजाचा. मला हाताने बसा म्हणाले. पलीकडे मशीन बोलत असणार. त्यांनी ते पुरतं बोलू दिलं, मध्ये तोंड घातलं नाही.

"येस, येस," मग ते म्हणाले. "फॅन इज स्टिल व्हेरी गुड. प्लीज, टेल दॅट गर्ल."