आमच्या तलावाचं पाणी

लहानपणी पहाटे तलावात मरळ मासळी उडाली की 'धप्प' असा आवाज थेट आमच्या अंगणात यायचा. आता कान लावून बसलं तरी काही ऐकू येत नाही. पाणी बिघडलं. अड्याळजवळच्या आमच्या मासेमारी सोसायटीत मासे कमी अन् किस्सेच जास्त. तळाच्या गाळासारखे साचत जातात.

एकदा ट्रेनिंगला एक सर आले. पडद्यावर समुद्रातली रंगीत पोवळी दाखवली. म्हणाले, "पाणी तापलं, बिघडलं, की ही पांढरी पडतात. मग मरतात." आमचा अध्यक्ष सुखराम फार हळहळला. "अरेरे! कसे लोक असतीन हो तिथले!"

त्याच सरांनी तपासणीसाठी तलावाचं बाटलीभर पाणी मागितलं. सुखरामनं आणून दिलं. रिपोर्ट आला, पाणी एकदम फर्स्टक्लास! सर चक्रावले. मग कळलं, बाटली घरच्या बोअरवेलवर भरली होती. मी विचारलं तर सुखराम म्हणतो, "साहेबाले गढूळ पाणी कसं देऊ, मामाजी? गावाची इज्जत आहे!"

कपाळ बडवावं की हसावं?

एक जण ट्रॅक्टर तलावात घालून धूत होता. मी म्हटलं, "बापू, डिझेल सांडून राहिलं पाण्यात. बाहेर धू." त्यानं ट्रॅक्टर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर घेतला, अन् धुतलेलं सगळं पाणी उतारानं परत तलावात! वर मलाच विचारतो, "आता खुश?"

तलावाचे मासे सुखरामची बायको शांता डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकते. त्यांचं घर त्या पाटीवरच चालतं. एका बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक मासा हुंगून म्हणालं, "बाई, याले फवारणीच्या औषधाचा वास येते." शांता म्हणाली, "मंग मसाला जास्त टाका!" गिऱ्हाईक हसलं. मासा मात्र खाली ठेवला.

त्या संध्याकाळी मीटिंग झाली. धानावर फवारणी केल्यावर पंप तलावात धुवायचा नाही, असा ठराव झाला. सगळ्यात मोठ्यानं सुखराम बोलला. "जो धुईन, त्याचं जाळं जप्त!"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पाळीवरून चाललो होतो. पाहतो तर सुखराम कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात, फवारणीचा पंप खळखळून धूत होता!

"काहून रे? ठराव तूच केला ना?"

"मामाजी, तो घाटासाठी होता. हा तर कोपरा आहे. इथलं पाणी तिकडं कुठं जाते?"

तेवढ्यात शांता बाजारातून आली. पाटी जशी नेली होती तशीच भरलेली. तिनं सुखरामकडं पाहिलं, पंपाकडं पाहिलं. पाटी उतरवून त्याच्यासमोर काठावर ठेवली, पदरानं हात पुसले, अन् घराकडं चालू लागली.