येळवशीसाठी घेतलेले टायर

आमच्या घरात त्या टायरांवरून जेवढी बोलाचाली झाली तेवढी माझ्या लग्नाच्या याद्या करतानाही झाली नव्हती. याद्यांच्या वेळी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पानाचं तबक पुढं सरकवून "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं आणि विषय मिटला. टायरांचं तसं नव्हतं. त्यात सासऱ्यांना मत होतं, सासूबाईंना मत होतं, नवऱ्याला तर दिवसाआड नवं मत होतं. आणि मला, जिला कुणीच विचारलं नव्हतं, तिला सगळ्यांत पक्कं मत होतं.

मोटार आमच्याकडं आली ती एका जहागीरदाराच्या घरून. निजामावर पोलीस ॲक्शन झाली, जहागिऱ्या गेल्या, आणि कैक हवेल्यांमधून पलंग, झुंबरं, मोटारी बाहेर पडल्या. त्यातली ही एक. काळी, लांब नाकाची, चार दारांची, आणि अंगात रग अशी की बीदरच्या तांबड्या मुरमाच्या सडकेवर नुसता पाय लावला तरी धूळ उडवत निघायची. सासऱ्यांची बीदरला अडत होती. मोटार घ्यायची हौस मात्र नवऱ्याची. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, हुमनाबादचे व्यापारी असं भाडं तो करायचा आणि रिकाम्या वेळी तिला पुसत बसायचा. इतकं माझं तोंडही त्यानं कधी निरखलं नसेल. तिचा एकच दोष होता. ओल्या वळणावर तिची मागची बाजू सरकायची. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या मागं बसल्या की पदर तोंडाशी धरून म्हणायच्या, "बघा, जहागीरदारीण कंबर हलवायलीय."

त्या वर्षी दिवाळीपर्यंत तिचे टायर पार गुळगुळीत झाले. हैदराबादच्या दुकानात आमच्या चाकाला बसतील असे दोन प्रकार मिळत होते. एक लांब सरळ रेघांचा, सडकेवर पळायला हलका. दुसरा खोल खाचांचा, सैन्याच्या गाड्यांना असतो तसा. तो मोठा आवाज करायचा पण चिखलात माती धरायचा. या दुसऱ्या प्रकारचे दुकानात दोनच उरले होते.

नवऱ्याला रेघांचे हवे होते. त्याचं म्हणणं, पावसाळा सरला, आता संक्रांतीच्या पुढंपर्यंत सडका ठणठणीत. "हिवाळ्यात चिखलाचं टायर घालायचं म्हंजे उन्हाळ्यात घोंगडं पांघरायचं. कामून घालायचं?"

बोलण्यात खोट नव्हती. पण तो बीदरच्या तांबड्या जमिनीवर वाढलेला. ती जमीन पाऊस थांबला की घटकाभरात कोरडी. माझं माहेर खटकचिंचोळीचं, काळ्या रानातलं. काळी माती पाणी विसरत नाही. वरून भेगाळलेली दिसते आणि पाय ठेवला की आतून ओली निघते. हिवाळ्यात एखादी अवकाळी सर आली की गाडीवाट म्हणजे कालवलेला चुना. आणि मला त्या हिवाळ्यात त्या वाटेनं जायचंच होतं.

कारण होतं येळवस. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळी माणसं रानात. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, म्हणजे काळी आई पोटुशी असते, आणि त्या दिवशी तिचे डोहाळे पुरवायचे. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, डाळी-पालेभाज्या घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळ्या यांचा निवद दाखवायचा, आंबील पिकावर शिंपडायची. दिवस मावळला की हेंडगा पेटवायचा. हेंडगा म्हणजे वाळल्या गवताचा पेंढा. तो पेटता घेऊन घरच्या माणसानं रानाभोवती फिरायचं आणि मग कोप मोडायची. लहानपणी अप्पा हेंडगा घेऊन पुढं पळायचे आणि मी परकर वर धरून मागं. आई लवकर गेली, भाऊ नाही, त्यामुळं त्या पळण्यात आम्ही दोघंच असायचो.

लग्न झालं आणि ते संपलं. येळवस सासरीही त्याच दिवशी, त्याच दुपारी. सुनेनं सासरच्या रानात आंबील शिंपडायची की माहेरी जायचं, हा प्रश्न विचारायचाही नसतो. बैलगाडीनं एका दिवसात दोन्हीकडं होणं शक्यच नव्हतं. मी दरसाल आत्यांच्या शेजारी बसून भज्जी खायची आणि मन पश्चिमेकडं लावून बसायची. भज्जी तीच, पातेलंही तसंच. तरी घास फिरायचा.

त्या साली अप्पांच्या गावचा एक माणूस तूर घेऊन आमच्या अडतीवर आला आणि निरोप सांगून गेला. अप्पांचे गुडघे गेले होते. पाडव्यापासून रान त्यांच्या चुलतभावाच्या पोराला कसायला लावून द्यायचं ठरलं होतं. "म्हणून सांगितलंय की, ही येळवस माझ्या हातची शेवटची. रानबी पोटुशी हाय, लेकबी पोटुशी हाय. दोघींचे डोहाळे संगंच करू. ह्या साली तरी ये म्हणावं."

मला सातवा चालू होता. निरोप ऐकून मी चुलीपुढं बसून रडले आणि धुराचं नाव सांगितलं. आत्या वरून कडक पण आतून बाई होत्या. त्या रात्रीच्या जेवणाला म्हणाल्या, "हितली आंबील शिपडून झाली की निघा. मोटार कशाला घेतलीय मग? निसती पुसायला?"

म्हणून टायर खाचांचेच घ्यायचे, हे माझं म्हणणं मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. नवरा माझ्याकडं बघतच राहिला. मी काळ्या मातीचं सगळं सांगितलं, ओढा सांगितला, वाट सांगितली. सासरे पान चघळत ऐकत होते. ते म्हणाले, "सून बराबर बोलायलीय." दुसऱ्या दिवशी नवरा हैदराबादच्या बसनं गेला आणि ते उरलेले दोन खाचांचे आणि दोन रेघांचे घेऊन आला. अंगणात टायर मांडले तेव्हा मी हात फिरवून बघितला. भाकरीवर बोटं उठावीत तशा खोल, सारख्या खाचा. मला वाटलं, आता अप्पांच्या कोपीपर्यंत पोचलेच मी.

मग प्रश्न निघाला, खाचांचे पुढं घालायचे की मागं? आमचं घर अडतीचं असलं तरी मूळ शेतकऱ्याचं. सासऱ्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "बैल कधी गाडीच्या मागं जुपत्यात का? जोर म्होरंच पायजे." नवऱ्याला पटलं. आत्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की त्यात विचारण्यासारखं काय, असं वाटलं. गाडी म्हटलं की पुढं बैल, हे आम्हा सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. हैदराबादच्या दुकानदारानंही काही सांगितलं नव्हतं. असा प्रश्न कुणाला पडेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार. खाचांचे पुढं बसले, रेघांचे मागं.

येळवशीच्या आधी दोन दिवस पाऊस येऊन गेला. मी मनात म्हटलं, ये बाबा, आमचे टायर आहेत.

अवसेच्या दिवशी बीदरच्या रानात आंबील शिंपडली, दोन घास पोटात ढकलले आणि निघालो. तरी पाहुण्यांच्या पाया पडण्यात उन्हं कलली. भालकीच्या सडकेला मोटार अशी धावली की मी पोटावर हात धरून हसत होते. नवरा म्हणाला, "बघ, तुजा बाप अजून भज्जी ढवळायलाय तवर पोचतो का न्हाई." गावातून वळसा घेतला तर उशीर होईल म्हणून त्यानं ओढ्याच्या अंगाची जवळची वाट धरली. ओढ्यापलीकडं अप्पांचं रान. मला लांबून कोपीचं टोक दिसलं. तिच्यातून धूर निघत होता.

आणि ओढ्याच्या अलीकडंच मोटार बसली. नवऱ्यानं पाय दाबला, इंजिन ओरडलं, मागून चिखलाचे गोळे उडाले, आणि मोटार इंचभर पुढं न सरकता मागनं खाली खाली गेली. तो उतरला. मीही दार उघडून वाकून बघितलं. आमचे ते निवडून आणलेले खाचांचे टायर पुढं चिखलात निवांत उभे होते आणि मागचे रेघांचे गरागरा फिरत होते.

"अगं, जोर मागं हाय की हिचा!" नवरा म्हणाला. एवढं हिरमुसलेलं तोंड मी त्याचं पुन्हा कधी बघितलं नाही. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते.

तो बैल शोधायला शेजारच्या रानात गेला. जाताना दिवे लावून गेला आणि मला भोंगा कुठं दाबायचा ते दाखवून गेला. मी भोंगा वाजवला. खूप वेळ वाजवला. पलीकडं माणसं हलताना दिसत होती, पण ओढ्याकडं कुणी येईना. तेवढ्यात कोपीपाशी जाळ उठला. हेंडगा पेटला होता. तो जाळ रानाच्या कडेनं निघाला, पण पळत नव्हता. हळूहळू, मधेच थांबत, पुन्हा चालत. त्या चालीवरून मी अप्पांचे गुडघे ओळखले. मी "अप्पा" म्हणून ओरडले. वारा माझ्या अंगावर होता, हाक माझ्याच तोंडात परत आली. जाळ सगळ्या रानाला फिरून पार पलीकडच्या बांधावर गेला आणि विझला.

बैलं आली तेव्हा अंधार पडला होता. त्यांनी मोटार मागंच ओढून काढली. मी म्हटलं, मी चालत जाते. ओढ्याला पावसाचं पाणी गुडघाभर होतं. बैलांबरोबर आलेला म्हातारा कळवळून म्हणाला, "माय, पोटुशी बाईनं दिवेलागणीला वढा वलांडू न्हाई. घरी जा. अप्पाला सांगतो मी उद्या." नवराही मान हलवत होता. मी मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसले. 

दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं खाचांचे टायर मागं बसवले. पुढं कैक दिवस ते कोरड्या सडकेवर घूं घूं करत राहिले. बाजाराच्या दिवशी अप्पांनी तूर घेऊन आलेल्या त्याच माणसाबरोबर शेंगापोळ्या पाठवल्या. कडक झालेल्या. मी त्या दुधात बुडवून खाल्ल्या, कुणाला एक तुकडा दिला नाही.

लेक झाली. ती तीन महिन्यांची असताना भर वैशाखात मी माहेरी गेले. आई नसलेल्या माहेरात चहासुद्धा आपणच करायचा असतो. चहा पिऊन झाल्यावर अप्पा काठी घेत म्हणाले, "चल, एक दावतो." लेकीला त्यांनी खांद्यावर घेतलं. ओढ्याच्या अलीकडं वाटेत एके जागी बाभळीच्या फांद्या टाकून कुंपण केलेलं होतं. गाड्या त्याला वळसा घालून गेल्याच्या खुणा होत्या. अप्पांनी काठीनं फांद्या बाजूला सारल्या. आत काळी माती दगडासारखी वाळली होती आणि तिच्यात आमच्या मोटारीची चाकं तशीच होती. पुढं खाचांची स्वच्छ नक्षी, मागं रेघांनी खणलेले दोन खड्डे.

"हितपतूर आल्तीस तू," अप्पा म्हणाले.

 मी म्हटलं, "मी हेंडगा बघितला अप्पा."

"मीबी दिवं बघितले गं. भोंगाबी ऐकला. तू गावाकडल्या वाटेनं येशील म्हणून मी दिसभर तिकडं तोंड करून बसलो. ह्या अंगाला भोंगा वाजला तर वाटलं, कुण्या सायबाची मोटार फसली. पोरं निघाली व्हती पळत. मीच अडवलो. म्हणलो, सायबानं भोंगा वाजवला की पळायचे दिस गेले आता. आन् हासलो." त्यांनी काठीनं एक फांदी परत जागेवर ओढली. "हासलो गं मी."

मी त्यांचा हात धरला. ओढा कोरडा पडला होता. आम्ही तो ओलांडला. हाक मारल्यावर सहज ऐकू जाईल एवढंच अंतर होतं ते. बांधाशी आल्यावर मी एक पाय रानात टाकला, तर अप्पांनी मला मागं ओढलं. चुलतभावाचा पोरगा लांब विहिरीपाशी काहीतरी करत होता. अप्पांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि माझी लेक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"रान त्येचं हाय आता," ते म्हणाले. "त्यो बोलवू दे. मग जाऊ."