पॉलिश केलेल्या वायरी

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी जीपचं बॉनेट उघडलं. मी तेव्हा युनिटच्या वर्कशॉपात हवालदार, व्हेइकल मेकॅनिक होतो. फौजेत इन्स्पेक्शन आलं की दगडालाही चुना लागतो. स्पार्क प्लगच्या चारही वायरींना बारीक भेगा पडल्या होत्या.

पेट्रोल इंजिनात कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते. तो वायरीतून प्लगपर्यंत जातो आणि तिथे ठिणगी पडते. वायरीवरचं रबर हा दाब आवरून धरतं. रबराला भेग पडली की, त्यात ओल लागली तर नक्कीच, ठिणगी प्लगऐवजी इंजिनाच्या लोखंडावर उडते. आज आळंदच्या माझ्या गॅरेजात मी प्रत्येकाला सांगतो, रबर कडक झालं, वाकवल्यावर भेग दिसली, प्लगवरची टोपी करपली, की पूर्ण सेट बदला. एकेक वायर काढा, टोपीला धरून ओढा, क्रम चुकवू नका.

तेव्हा मात्र मी आळस केला. नवा सेट स्टोअरमध्ये होता, पण मागणीपत्रावर सही घ्यायला तासभर गेला असता. मी वायरींना काळं बूट पॉलिश लावलं. भेगा बुजल्या. लॉगबुकात गाडी ठीक असल्याची नोंद केली. सोमवारी बदलू म्हटलं.

सोमवारच्या आधीच आमची तुकडी पूरमदतीला आळंद तालुक्यात निघाली. माझं गाव खजुरी त्याच भागातलं, म्हणून मला जीपमध्ये घेतलं. गाडीवर ड्रायव्हर नाईक शरणप्पा होता, औराद तालुक्यातल्या संतपूरचा. एका वस्तीवरून तापाने फणफणलेल्या म्हातारीला घेऊन आम्ही दवाखान्याकडे निघालो. १४:१० वाजता फरशी पुलाच्या मधोमध शरणप्पा म्हणाला, "अण्णा, गाडी झटके द्यायलीय."

इंजिन बंद पडलं. पाणी निम्म्या चाकापर्यंत होतं. मी वायरलेस उचलला.

"गाडी बंद. फरशी पुलावर. पाणी चढतंय. ओव्हर."

"दोर घेऊन ट्रक निघालाय. पाऊण तास. ओव्हर."

पाऊण तास आमच्याकडे नव्हता. मागे रस्ता दिसत नव्हता, पुढे पुलाची कड दिसत नव्हती. म्हातारीला उचलून नेलं असतं तर धारेत दोन पावलंही टिकलो नसतो.

"लेकरांनो, मला ठिवून जावा," ती म्हणाली.

बॉनेट उघडून शरणप्पाला स्टार्टर मारायला सांगितला. टक टक आवाज करत ठिणग्या लोखंडावर उडत होत्या. पॉलिश धुऊन गेलं होतं. बनियनने वायरी पुसून टेप गुंडाळली. तीन जमल्या, चौथी उभी फाटली होती. इंजिन तीन सिलिंडरवर धडधडू लागलं, पण गाडी ओढेना.

"अण्णा, स्टिअरिंग तुम्ही घ्या. मी मागून ढकलतो."

"धार लई हाय."

"गाडीला धरून ऱ्हातो. चला."

गाडी हलली. चढावर पोचल्यावर मी मागे पाहिलं. मागे फक्त पाणी होतं.

शरणप्पा दुसऱ्या दिवशी तुरीच्या रानात सापडला. म्हातारी वाचली. चौकशीत मी सांगितलं, इंजिनात पाणी शिरलं. सगळ्यांनी मानलं.

ही खोटी साक्ष मी पेन्शनपर्यंत बाळगली. गेल्या वर्षी संतपूरला गेलो आणि शरणप्पाच्या बायकोला ओट्यावरच सगळं सांगितलं. आळस माझा होता, हेही सांगितलं.

"हे मला कामून सांगायलाव?" ती म्हणाली. "माय आत बसल्यात. त्यांना सांगा."

आत गेलो. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शरणप्पाच्या आईने मान वर केली नाही. वायरींबद्दल, पॉलिशबद्दल एक शब्द विचारला नाही.

"त्या रोज पाणी लई गार व्हतं का रं?"

न्हाई म्हणणं सोपं होतं.

"व्हय, माय," मी म्हणालो.