तलाव हॉल्टवर उतरणारे

गाडी दिवसातून दोनदाच यायची, त्यामुळे माझ्या टेबलावर कागद कमी आणि किस्सेच जास्त साचायचे! इंग्रजांच्या अमदानीतली ती अरुंद रुळांची गाडी. पहूरच्या अलीकडे तलावाकाठी तिचा एक हॉल्ट होता आणि तिथला बुकिंग क्लार्क मी.

*

इंजिन पाणी भरायचं तलावातून. एका उन्हाळ्यात तलाव आटला आणि इंजिन नि म्हशी एकाच डबक्यावर आली. गावच्या आबांनी निवाडा दिला, आधी म्हशी! ड्रायव्हर नाना मुकाट्याने थांबायचे. म्हशी बिथरतील म्हणून शिट्टीसुद्धा वाजवायचे नाहीत.

*

एकदा इंजिनाच्या नळीत मासा अडकला. उशिराच्या कारणात मी खरं तेच लिहिलं, ‘मासा’. महिन्याने वरून पत्र आलं, ‘सदर मासा यांचा हुद्दा कळवावा.’

*

आबांनी एकदा फैजपूरच्या केळीच्या घडाचं पूर्ण तिकीट काढलं आणि घड बाकावर ठेवला. एक उतारू तिथे टेकायला गेला.

“घडनं तिकीट शे, भाऊ,” आबा म्हणाले. घडाचं तिकीट आहे म्हटल्यावर तो गृहस्थ पहूरपर्यंत उभा!

*

मग हॉल्टवर कुणी उतरत नाही, अशी तक्रार वर गेली. साहेब स्वतः गाडीत बसून पाहायला येणार होते. हॉल्ट गेला की तिथली माझी राहायची खोलीही जाणार.

आबांनी धीर दिला. त्या दिवशी ते अख्खं गाव घेऊन मागच्या स्टेशनावर चालत गेले आणि तिकिटं काढून सगळे गाडीत बसले. इकडे मी हार घेऊन उभा.

गाडी थांबली. गार्ड नवा, हिंदी मुलखातला. आमच्याकडे ‘बठ्ठा’ म्हणजे सगळे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“यहाँ कौन उतरेगा?” त्याने विचारलं.

“बठ्ठा!” अख्खा डबा ओरडला.

‘बैठा’ म्हणताहेत तर बसू देत, असं समजून गार्डाने हिरवं निशाण दाखवलं. गाडी माझ्यासमोरून निघून गेली. आबांचा हात खिडकीबाहेर किती वेळ हलत होता!

आठ दिवसांनी हुकूम आला. ‘तलाव हॉल्टवर कुणी उतरत नाही, मात्र गाडीत जागा अपुरी पडते. सबब हॉल्ट बंद करून एक डबा वाढवावा.’

वाढवलेला डबा आला. त्यात पहिलं सामान चढलं ते माझं बिऱ्हाड. आणि ते चढवायला त्या दिवशी गाडी बंद झालेल्या हॉल्टवर, तलावाशी, चांगली अर्धा तास थांबली.