सुईखालच्या पाच रेघा

तारिहाळच्या एका प्लेटिंग कारखान्यात सिद्राम मेत्री यांनी सत्तावीस वर्षं बफिंग केलं. सायकलींची हँडलं, नळ, दारांच्या मुठी. क्रोम चढण्याआधी खालचा धातू आरशासारखा करायचा, एवढंच काम. ओरखडा दिसला की माल परत.

निवृत्तीनंतरही हात थांबले नाहीत. विद्यानगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत शेजारीपाजारी टवके उडालेले नळ आणि स्कूटरचे आरसे आणून ठेवत. घरी क्रोम चढत नाही, हे ते आधीच सांगत. गंज ओल्या फॉइलने घासायचा, टवक्याची कड बारीक पॉलिश पेपरने उतरवायची, वर चंदेरी रंग मारायचा. "लांबून नवं, जवळून जुनं," ही त्यांची हमी.

पत्नी शेवंता ब्लाउज शिवत. त्यांच्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीवरचा क्रोम उडाला होता. त्यात खणाचा धागा अडकतो, अशी त्यांची कुरकुर असे. गेल्या मार्चमध्ये त्या आठ दिवस बहिणीकडे बेळगावला गेल्या. सिद्रामनी पट्टीचे स्क्रू काढले. रंग तिथं टिकणार नव्हता, कापड सरकून सरकून तो निघून गेला असता. म्हणून त्यांनी उरलेला क्रोमही उतरवला आणि जुन्या विजेच्या मोटरला लावलेल्या कापडी चाकावर पट्टी धरली. टवक्यांजवळ पाच आखूड, वाकड्या रेघा होत्या. कात्री घसरली असेल, असं त्यांना वाटलं. त्या जायला अख्खी दुपार लागली.

ब्लाउजपीस द्यायला आलेल्या कुसुमावती थबकल्या. "अण्णा, ही मशीन की आरसा? अक्काला आता शिवता शिवता टिकली लावता येईल!"

"येऊ दे तिला. बघतच राहील."

शेवंता आल्या, मशीनवर बसल्या आणि डाव्या हाताचं नख पट्टीवरून फिरवू लागल्या. एकदा, दोनदा.

"अहो, रेघा कुठं गेल्या?"

"ओरखडे होय? काढले. बघ तरी कशी झालीय."

"बघता आलं असतं तर रेघा कशाला मारल्या असत्या मी?"

सहा वर्षांपासून त्यांची नजर जात होती. गिऱ्हाईक तुटेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, घरातही नाही. दिसेनासं होत गेलं तशी कानशीच्या धारेने एकेक रेघ मारली. शिवणीची, बाहीची, गळ्याची. क्रोम उडाला होता तो त्या कानशीनेच. कापडाची कड नखाखाली रेघेला लावायची आणि पाय चालवायचा. एकतीस वर्षं एका घरात राहून सिद्रामना यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टीलची मोजपट्टी लावून नव्या पाच रेघा मारल्या. सरळ, अचूक.

"माझी अर्ध्या इंचाची रेघ अर्ध्या इंचावर नव्हतीच हो," शेवंता म्हणाल्या. प्रत्येक रेघ दोन-तीन ब्लाउज बिघडवून, उसवून जागेवर आली होती. तेव्हा थोडं दिसत होतं. आता चूक शोधायलाही डोळे नव्हते. कुसुमावतींच्या ब्लाउजची बाही दंडाला घट्ट झाली. त्या परत आल्या नाहीत.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उरलेली नजर औषधाने टिकेल, गेलेली येणार नाही. सहा वर्षांपूर्वी आला असतात तर, एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी लिहिली.

आता कापड घेऊन कुणी आलं की सिद्रामच दाराशी जातात. शिवणं बंद आहे, म्हणतात. का, असं विचारलं की आतून शेवंतांचा आवाज येतो, "डोळे गेले म्हणून सांगा की! तुमचं कशाला मधी घालता?"

सिद्राम तसं सांगत नाहीत.

"मी पट्टी घासली," म्हणतात. समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही.