भाऊजींचं कॅम्पातलं इंग्रजी

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात खरं इंग्रजी एकाच माणसाला येत होतं, आणि तो माणूस थोरला दीर होऊन माझ्या वाट्याला आला होता. हे मी नाही म्हणत, भाऊजी स्वतःच म्हणायचे. इंग्रज जायच्या आधी देवळाली कॅम्पात त्यांनी एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली कारकुनी केली होती. साहेब बोटीत बसून गेला, उच्चार मात्र आमच्या पंचवटीतल्या चाळीत ठेवून गेला. भाऊजी 'पेपर' म्हणत नसत, 'पेपा' म्हणत. डॉक्टर तो 'डॉक्टा', मोटर ती 'मोटा'. भाजीवालीकडे 'फ्लावा' मागितला की ती बिचारी फ्लॉवरच्या ढिगामागून म्हणायची, "नाय बा, तसलं काय नाय ठेवत आपण." मग मी जाऊन तोच गड्डा घेऊन यायची.

पुढे साठ-सत्तरच्या दशकांत कारखान्यांच्या नोकऱ्यांपायी आमच्या चाळीत देशभरातली माणसं येऊन राहिली होती. पंजाबी 'सटेशन' म्हणायचा, लखनौचा भैया 'इस्टेशन', बंगाली बाबू 'भेरी गुड' आणि मद्रासी टायपिस्ट 'यम ये पास'. भाऊजी सकाळी नळावर टॉवेल गुंडाळून सगळ्यांची शाळा घेत. एकदा पंजाबी तोंडावर पाणी मारता मारता म्हणाला, "साहब, गाडी तो उसी सटेशन पे रुकती है ना?" सगळा नळ हसला. भाऊजी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

परक्यांना असं हसून सुटता यायचं. जाऊबाई कुठे जाणार? त्या कळवणजवळच्या देवळ्याकडच्या. इष्टो, गिलास, ठेसन, टायेम, हे त्यांचे शब्द. 'इष्टो' तोंडातून अर्धा बाहेर पडतोय तोच भाऊजी खेकसायचे, "स्टोव्ह!" पाहुण्यांदेखत सुद्धा. सुरुवातीला जाऊबाई हसण्यावारी न्यायच्या. "आमच्याकडे असंच म्हणता बा," म्हणायच्या. मग नुसतं बोट दाखवायला लागल्या. पुढे पुढे त्यांचं एकूण बोलणंच आटलं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, किती शांत बाई! शांत कसल्या डोंबलाच्या! प्रत्येक घासाला खडा लागला तर माणूस ताटावरून उठतोच.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला, ऐन उन्हाळ्यात जाऊबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, "कान शाबूत आहेत. त्यांच्या सवयीचे, रोजचे शब्द त्यांच्यासमोर बोलत राहा. वाचा आली तर या काही महिन्यांतच येईल, नंतर आशा कमी." झालं, भाऊजी खाटेपाशी स्टूल ओढून बसले. "म्हण, ग्लास." जाऊबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रोज हे बसायचे आणि रोज त्या तोंड फिरवायच्या.

एक दिवस भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सुमन, ही स्टोव्हला काय म्हणायची गं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नाही, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. उभ्या संसारात त्यांनी बायकोचा एक शब्द पुरता ऐकून घेतला नव्हता, अर्ध्यावरच तोडलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं सुनावणार होते, पण त्यांच्या हातात शिकवणीचा तो ग्लास होता, सकाळपासून तसाच धरलेला. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

मी कळवणची, म्हणजे बोली जवळजवळ तीच. मग माझीच शिकवणी सुरू झाली.

"इष्टो," मी म्हटलं.

"इस्टोव्ह."

"नाही भाऊजी. इष्टो. जीभ जरा सैल सोडा."

कॅम्पातली जीभ ती, सैल सुटता सुटेना. मला हसूही येई आणि गलबलूनही येई. पण शिकले. दिवसभर खाटेपाशी सुरू असायचे, "हा बघ गिलास. ठेसनावर जायचं ना माहेरच्या गाडीला? चल, टायेम झाला." दारावरून जाणारी पोरं आधी खिदळायची, नंतर त्यांनीही खिदळायचं सोडलं. जाऊबाई आता भिंतीकडे वळत नसत, नुसत्या बघत राहायच्या.

श्रावणातली दुपार होती. मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. भाऊजी 'पलाष्टिक, पलाष्टिक' घोकत होते. जाऊबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि अगदी स्पष्ट शब्द आले, "ऱ्हाऊ द्या."

भाऊजी अनवाणी चाळभर धावले. "बोलली! मला म्हणाली, ऱ्हाऊ द्या!" पंजाब्याने त्यांना मिठीच मारली. दोघंही रडले.

त्यानंतर जाऊबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. दिवाळीच्या आधी गेल्या.

भाऊजी आता थकलेत. कुणी भेटायला आलं की सांगतात, जाता जाता तिनं मला माफ केलं. मी त्या दुपारी हातभर अंतरावर बसले होते, जाऊबाईंचा चेहरा मी पाहिला आहे. मला तो फक्त दमलेला दिसला. पण म्हातारा माणूस तेवढ्या दोन शब्दांवर दिवस काढतो आहे. मी मान डोलावते आणि म्हणते, हो भाऊजी, मीही ऐकलं.