सुनंदाची अर्धी गोळी

माझ्या बायकोची थायरॉइडची गोळी मी अर्धी केली, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो.

पेपर मिलच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं लगदा तपासतोय. रीडिंग मर्यादेच्या वर गेलं की ऑपरेटरला फोन करायचा, ‘केमिकल कम करो’, आणि चहा घ्यायचा. त्यामुळे सुनंदाच्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी मीच वाचला. टीएसएचचा आकडा ठळक अक्षरांत, मर्यादेच्या दुपटीहून वर.

“थायरॉइड वाढलाय तुझा,” मी निकाल दिला. “गोळी जास्त होतेय. उद्यापासून अर्धी.”

“अहो, पण डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन बोलावलंय.”

“चार तास बसवून ते हेच सांगणार.”

आमची मुक्ता कॉलेजला आहे. तिने कागद ओढून घेतला. “पापा, हा खालचा फ्री टी-फोर तर कमी दाखवतोय. एक बार डॉक्टरला विचारून तर घ्या.”

“एक वर आहे, एक खाली आहे. सरासरी ठीक आहे.”

मार्चमध्ये आमचा सगळा लोधीपुरा मोहल्ला कूलर धुवून काढत होता, तेव्हा सुनंदाने गोधडी काढली. आवाज घोगरा झाला, केस गळायला लागले, चेहरा सुजला. मी कारण शोधलं : आळस. रोज सकाळी तिला ताप्तीच्या घाटापर्यंत चालवत नेलं. येताना ती रिक्षात, आणि मी शेजारी बसून चालण्याचे फायदे सांगतोय.

शाहपूरला माझ्या चुलतभावाकडे हळद होती. तिथे ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली. मी पाहुण्यांना म्हणालो, “शाळेत आराम करून करून दमते बिचारी.” सगळे हसले. सुनंदाही हसली, जरा उशिरा. (तेव्हा तिच्यापर्यंत सगळंच उशिरा पोचत होतं.)

मग वार्षिक परीक्षा आली. अठरा वर्षं ती त्या खाजगी शाळेत चौथीला शिकवत होती. गणिताचा पेपर चालू असताना ती खुर्चीतच झोपली, आणि अख्ख्या वर्गाने मिळून एकच उत्तरपत्रिका चाळीस वेळा लिहिली. प्रिन्सिपल मॅडमचा मला फोन आला : “सर, मॅडम को घर ले जाइए. अगले सेशन का हम बता देंगे.”

त्यांनी काही सांगितलं नाही. वर्ग दुसऱ्या बाईंना दिल्याचं आम्हाला भाजीवालीकडून कळलं.

त्यानंतर मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुना रिपोर्ट पाहिला, गोळ्यांची पट्टी पाहिली आणि चष्मा काढला.

“डोस कोणी कमी केला?”

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

“मीच,” सुनंदा म्हणाली. “माझाच घोळ झाला.”

“ताई, तुम्ही शिकलेल्या. टीएसएच म्हणजे मेंदूने गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी काम करेना की हाक वाढत जाते. शरीराला प्रत्यक्ष कामाला येतो तो हा खालचा, फ्री टी-फोर. तो कमी पडला म्हणून वरचा चढला. गोळी वाढवायची होती, तुम्ही तोडलीत!”

“चुकलंच,” सुनंदा म्हणाली.

“घरात कोणाला विचारायचं तरी.” डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही तर लॅबमध्ये आहात ना? लक्ष ठेवा जरा यांच्यावर.”

“ठेवतो,” मी म्हणालो. (हो. असंच म्हणालो.)

त्यांनी गोळीचा डोस वाढवला, फरक पडायला दीड-दोन महिने लागतील म्हणाले, आणि मग पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मी तिला विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंस?”

“ते तुम्हाला बोलले असते.”

“बोलायलाच पाहिजे होतं.”

“मग घरी जाऊन तुम्ही जेवला नसता. आठ दिवस तोंड पाडून बसला असता. तुमची समजूत मलाच काढावी लागली असती.” ती श्वास घ्यायला थांबली. “अहो, तेवढी ताकद नाहीये आत्ता माझ्यात.”

घरापर्यंत मी स्कूटर हळूहळू चालवली. ती माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपली होती. दारात तिला उठवलं, हात धरून उतरवलं आणि अगदी मनापासून म्हणालो, “सुनंदा, मी फार वाईट माणूस आहे ग.”

“नाही हो,” ती म्हणाली, आणि मला गप्प करायला तिला पाऊण तास लागला.